तुपातला चोर आणि तिळातला राखणदार

मराठवाड्यातला, सिंदफणा नदीच्या काठचा माजलगाव तालुका 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस. खरिपात कापूस आणि तीळ, रब्बीत ज्वारी, करडी आणि जवस. ज्वारीच्या रानाला कडेने करडीच्या ओळी घालायच्या, म्हणजे काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाचीही सोय होते. बी तेल्याच्या घाण्यावर न्यायचे, तेल घरी आणायचे, पेंड गोठ्यात जायची.

कोणते तेल किती दिवस ठेवायचे, हे घरातल्या बायकांना पाठ होते. जवसाचे तेल लागेल तेवढेच काढायचे, कारण ते पाहता पाहता वास मारते. करडीचे उन्हाळ्यात जपून वापरायचे. तिळाचे मात्र खुशाल भरून ठेवावे. ते सहसा खवट होत नाही. आयुर्वेदातली बहुतेक सिद्ध तेले तिळाच्याच तेलात होतात, त्यामागे हा टिकाऊपणाही असणारच. या साऱ्या ज्ञानाचे मोजमाप एकच होते, ते म्हणजे नाक.

पुढे नाकाची जागा परीक्षानळीने घेतली, पण ती वेगळ्याच कामासाठी आली. तेलाला खवटपणापासून वाचवणारे जे नैसर्गिक अँटिऑक्सिडंट बियांतच असतात, त्यांतला एक पदार्थ स्वतंत्र भारतातल्या सरकारी प्रयोगशाळांत रोज तपासला जाऊ लागला. तेल किती टिकेल, याच्याशी त्या तपासणीचा काही संबंध नव्हता. तिचे काम होते तुपातली भेसळ पकडणे.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या शिवडीत. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने 1902 मध्ये पातळ तेलातून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. पहिल्या महायुद्धानंतर असे घट्ट केलेले तेल, म्हणजेच ‘वनस्पती’, हॉलंडहून डब्यांत भरून हिंदुस्थानात येऊ लागले. लीव्हर कंपनीने हा व्यापार ओळखला आणि 1932 मध्ये तिच्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने शिवडीला कारखाना काढला. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर ताडाचे झाड. पांढरेशुभ्र, दाणेदार आणि तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. लग्नाची पंगत असो की दिवाळीचा फराळ, मध्यमवर्गाला त्याने मोठा आधार दिला.

पण दाणेदारपणाच अंगाशी आला. वनस्पती आणि साजूक तूप एकत्र वितळवून थिजवले, तर डोळ्यांना फरक कळेना. वर थोडे खरे तूप असले की वासही जमून जाई. आठवड्याच्या बाजारात तूप विकणाऱ्याकडे घेणारा संशयाने पाहू लागला आणि ज्याचे तूप खरे होते, त्यालाही भाव मिळेना. गांधीजींनी 1946 मध्ये ‘हरिजन’मधून वनस्पतीवर टीका केली. स्वातंत्र्यानंतर हा वाद संसदेत पोचला. पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या उत्पादनावरच बंदी घालणारे विधेयक मांडले आणि त्यावर देशभर मते मागवली गेली. गोरक्षक, डेअरीवाले, कारखानदार, डॉक्टर, सगळे या वादात उतरले. बंदी काही आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत स्निग्ध पदार्थांचा एवढा मोठा पुरवठा बंद करणे सरकारला परवडणारे नव्हते.

मग मधला मार्ग शोधला गेला. वनस्पती विकू द्यायची, पण तिच्यावर अशी खूण करायची की ती तुपात मिसळली तर लपणार नाही. सरळ उपाय रंगाचा. रतनजोतसारखे रंग सुचवले गेले. पण रंग बिनविषारी हवा, बेचव हवा, कढईत टिकायला हवा आणि भेसळ करणाऱ्याला सहजासहजी काढता येऊ नये. एवढ्या अटी एकदम पुऱ्या करणारा रंग हाती लागेना. शिवाय रंगीत वनस्पती गृहिणीने घेतली असती का, हा प्रश्न होताच.

या अडचणीचे उत्तर युरोपात पन्नास वर्षांपूर्वीच सापडलेले होते. तिथे लोण्यात मार्गारीनची भेसळ होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोदुआँ नावाच्या रसायनज्ञाच्या नावाने एक चाचणी रूढ झाली होती. तिळाच्या तेलात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि किंचित साखर घालून हलवले की लालबुंद रंग येतो, इतर तेलांत येत नाही. पुढे साखरेऐवजी फुरफुराल वापरून ती अधिक खात्रीची केली गेली. जर्मनीने 1897 च्या कायद्याने मार्गारीनमध्ये तीळतेल घालणे सक्तीचे केले. शंभर भाग स्निग्ध पदार्थांमागे किमान दहा भाग. म्हणजे मार्गारीन पांढरेच राहील, पण आम्ल पडताच लाल होईल. युरोपातल्या तेलगिरण्यांना, त्यातही मार्सेय बंदरातल्या, तिळाचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होत असे. युरोपने आपले लोणी राखण्यासाठी जे बी वापरले, त्यातले कितीतरी आपल्याच रानांतून गेलेले होते.

भारताने तीच युक्ती उचलली. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1 जून 1955 पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांत वनस्पतीत वजनाने किमान 5 टक्के तीळतेल असणे बंधनकारक ठरले. पण नियम तिथे थांबला नाही. पुढे म्हटले होते की हे तीळतेल एवढे पुरेसे हवे की वनस्पती शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात 20 ला 80 या प्रमाणात मिसळली, तरी बोदुआँ चाचणीत येणारा लाल रंग, रंगाची तीव्रता मोजणाऱ्या लोविबाँड मोजपट्टीवर 2 युनिटांपेक्षा फिका असता कामा नये.

हे कलम बारकाईने वाचावे असे आहे. पाच टक्के तेल घातले एवढ्याने भागत नाही, रंग दिसला पाहिजे. याचे कारण कारखान्यातल्या प्रक्रियेत आहे. तेल स्वच्छ करताना ते आम्लयुक्त मातीतून काढतात. त्या मातीत तीळतेलातले रंग देणारे द्रव्य नष्ट होते. तेल तिळाचेच राहते, वजनही तेच, पण चाचणी फिकी पडते. म्हणून कायद्याने टक्केवारीच्या जोडीला लाल रंगाचीही अट घातली. नकळत का होईना, सरकार आता तेल नव्हे, तर तेलातला एक विशिष्ट पदार्थ मोजायला सांगत होते.

चाचणी करायला फारसे सामान लागत नाही. परीक्षानळीत वितळवलेले तूप घ्यायचे. तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे आणि फुरफुरालच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाचे थेंब सोडायचे. नळी बंद करून दोन मिनिटे जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. आम्ल जड, ते खाली बसते. तूप वर तरंगते. खालचा थर पाण्यासारखा राहिला, तर तूप या परीक्षेत सुटले. तो गुलाबी झाला, तर दुकानदार अडकला. कधी काही कृत्रिम रंगांमुळेही आम्ल लाल होते, म्हणून फुरफुराल न घालता दुसरी नळी शेजारी ठेवायची. ‘तुपात बोदुआँ चाचणी नकारार्थी असावी’ ही अट मग शुद्ध तुपाच्या मानकांत कायमची बसली. साखर आणि आम्ल वापरून हीच चाचणी बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रकल्पात असंख्य मुलांनी केली आहे.

मग हा लाल रंग देणारा पदार्थ आहे तरी कोण? विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फेनॉल जातीचा असल्याचे लक्षात आले होते. नीट हिशेब लागला तो 1950 च्या सुमारास. अमेरिकेत पिएर बुडोव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीळतेलातला मुक्त आणि बांधलेला ‘सेसामॉल’ वेगवेगळा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तीळतेलात सेसामिन आणि सेसामोलिन ही दोन द्रव्ये असतात. सेसामोलिन आम्लात फुटते आणि सेसामॉल मोकळा होतो. फुरफुरालशी मिळून लाल होतो तो हा सेसामॉल. आणि तोच तीळतेलाला खवट होण्यापासून वाचवणारा एक जबर अँटिऑक्सिडंट आहे. तेल तापवले किंवा त्यात हायड्रोजन सोडला, तरी सेसामोलिन फुटून आणखी सेसामॉल मोकळा होतो. म्हणून तिळाचे तेल आचेवरही धीर धरते.

इथे थोडे रसायन सांगायला हवे. तेल खवट होते ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तेलातल्या स्निग्धाम्लांत जितके दुहेरी बंध जास्त, तितका धोका जास्त. जवसात तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते; म्हणून ते सर्वांत आधी जाते. करडीत दोन बंधांचे लिनोलेइक आम्ल सुमारे पाऊण हिस्सा. एका रेणूवर ऑक्सिजन बसला की तो शेजारच्या रेणूला बिघडवतो, तो पुढच्याला, आणि साखळी चालू राहते. खळ्यावरचा राखणदार रास चोरू देत नाही, प्रसंगी स्वतः मार खातो. अँटिऑक्सिडंटचे काम तसेच. आपला हायड्रोजन देऊन तो साखळी तोडतो आणि स्वतः खर्ची पडतो. तो आहे तोवर तेलाला वास लागत नाही. तो संपला की बिघाड एकदम वेग घेतो.

शास्त्रज्ञांना हे उमगले त्याचा मार्गही वाकडाच होता. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी अॅक्रोलिन हा विषारी वायू टिकवायचा होता. तो साठवणुकीत खराब होई. शार्ल मुरो आणि शार्ल द्युफ्रेस यांना आढळले की हायड्रोक्विनोनसारख्या फेनॉलचा अगदी अल्प अंश त्याला वाचवतो. त्यावरून ऑक्सिजनला रोखणाऱ्या द्रव्यांचा सिद्धान्त 1922 च्या सुमारास पुढे आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांनी उंदरांच्या प्रजननासाठी लागणारे एक जीवनसत्त्व शोधले. 1936 मध्ये गव्हाच्या अंकुरतेलातून ते वेगळे काढले गेले आणि टोकोफेरॉल हे नाव मिळाले. वर्षभरातच कळले की हे जीवनसत्त्व ई आणि वनस्पती तेलांतला राखणदार, दोघे एकच.

ते मोजायची सोय 1938 मध्ये एमेरी आणि एंगेल या डच शास्त्रज्ञांनी केली. टोकोफेरॉल फेरिक लोहाचे फेरस लोह करतो. फेरस लोह बायपिरिडिलशी जुळून लाल होते. रंग जितका गडद, तितका टोकोफेरॉल जास्त. पुन्हा लाल रंगच. पण या रीतीतही खोट होती. तेलातले कॅरोटिन आणि दुसरे फेनॉलही लोहावर तेच काम करतात, त्यामुळे आकडा फुगतो. आधी तेलाचा साबण करून, हवा न लागू देता, टोकोफेरॉल असलेला भाग वेगळा काढावा लागे. त्यात जरा ढिलाई झाली तर मोजायची वस्तूच हवेत खर्ची पडायची.

मराठी मुलखात हे शास्त्र शिकण्याची सोय तोवर झाली होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग 1933 मध्ये सुरू झाला. नागपुरात कामठीच्या दानशूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. दोन्हीकडे तेलतंत्रज्ञान हा मोठा विषय. माजलगाव मात्र अजून हैदराबादकडे पाहत होते. तिथे 1944 मध्ये संस्थानने केंद्रीय प्रयोगशाळा काढल्या. पुढे त्यांची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा झाली. दख्खनच्या तेलबिया हा तिचा स्वाभाविक विषय. लिव्हरपूलला टी. पी. हिल्डिच यांच्या हाताखाली स्निग्धाम्लांवर डॉक्टरेट केलेले के. टी. अचया तिथे वीस वर्षांहून अधिक काळ काम करत होते. सरकी आणि एरंडीच्या रसायनात मुरलेल्या याच माणसाने पुढे भारतीय खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिला आणि देशी घाण्यावर स्वतंत्र पुस्तकही केले.

सरकीचा विषय माजलगावला थेट भिडतो. जिनिंगमधून रुई निघाली की सरकी मागे उरते. मराठवाड्यातल्या म्हशीला सरकी किंवा सरकीची पेंड मिळाली की दुधाला स्निग्धता येते, हा गोठ्यातला अनुभव. पण सरकीवर पोसलेल्या जनावराचे तूप प्रयोगशाळेत वेगळेच वागते. सरकीतली काही खास स्निग्धाम्ले दुधात उतरतात आणि सरकीचे तेल ओळखण्याची हाल्फेन चाचणी, जिच्यात गंधकाने लाल रंग येतो, ती अस्सल तुपातही फिकी का होईना उमटते. तुपाचा अपवर्तनांकही वर सरकतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या तुपासाठी ठरवलेली फूटपट्टी लावली, तर कापूसपट्ट्यातला खरा तूपवाला भेसळखोर ठरायचा. म्हणून तुपाच्या मानकांत ‘कापूसपट्टा’ अशी वेगळी वर्गवारी करावी लागली: जिथे दुभत्या जनावरांना मोठ्या प्रमाणात सरकी चारली जाते आणि राज्य सरकारने तसे जाहीर केले आहे, असा भाग. या वादात बोदुआँ चाचणीचे मोल आणखी वाढले. तिच्यात सरकीचा गोंधळ नव्हता. तुपात तिळाची खूण सापडली, तर ती वनस्पतीच्या डब्यातून आली असण्याचा संशय पक्का.

सरकीतही एक राखणदार असतोच. गॉसिपॉल हे तिचे पिवळे रंगद्रव्य अँटिऑक्सिडंट म्हणून जोरकस आहे, पण माणसाला विषारी. म्हणून सरकीचे कच्चे, काळपट तांबडे तेल क्षाराने धुवून गॉसिपॉल काढून टाकतात आणि मगच ते स्वयंपाकात येते. त्यानंतर त्या तेलाची राखण टोकोफेरॉलवर पडते.

बोदुआँची मर्यादाही सांगायला हवी. ती वनस्पतीची खूण शोधते, भेसळीची नाही. तुपात जनावराची चरबी मिसळली, किंवा तीळतेल न घातलेले घट्ट तेल मिसळले, तर खालचा थर स्वच्छच राहतो. भेसळ करणारा कायदा वाचूनच वाट बदलतो. म्हणून तुपाच्या तपासणीत पुढे स्निग्धाम्लांचे वायू-वर्णलेखन आणि इतर कसोट्या आल्या.

तेलांच्या बाजूलाही यंत्रे बदलली. 1970 च्या दशकात उच्च दाबाच्या द्रव-वर्णलेखनाने अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा हे चारही टोकोफेरॉल वेगवेगळे मोजता येऊ लागले आणि प्रत्येक बीची ओळख त्यातून दिसू लागली. करडईत जवळजवळ सगळा अल्फा, तिळात गॅमा, सरकीत दोन्ही, सोयाबीनमध्ये गॅमा आणि डेल्टा. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात करडई तेलासाठी किलोमागे 234 ते 660 मिलिग्रॅम अल्फा, आणि तीळतेलासाठी 521 ते 983 मिलिग्रॅम गॅमा असे पल्ले दिलेले आहेत. तेल प्रत्यक्ष किती तग धरते हे पाहणारे यंत्रही आले. तापवलेल्या तेलातून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि बाहेर पडणारी आम्ले पाण्यात घेऊन पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. बराच वेळ आलेख आडवा चालतो. राखणदार संपला की तो उभा चढतो. त्या वळणापर्यंतचे तास म्हणजे तेलाचे आयुष्य. आजीच्या नाकाला जे कळत होते, ते इथे कागदावर छापून येते.

दरम्यान माजलगावचे रानच पालटले. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगाव धरण 1987 मध्ये पूर्ण झाले. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात येऊ लागले आणि लाभक्षेत्रात ऊस आला. पुढे खरिपात सोयाबीन पसरले. तीळ बांधावर गेला, करडीला काटे म्हणून मजूर मिळेना. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’ यांसारखे करडीचे वाण दिले, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, तरी क्षेत्र घटतच राहिले. ज्या घरात करडीचे तेल बरणीत असायचे, तिथे रिफाइंडची पिशवी आली.

रिफाइंड तेलाचा वास घालवण्यासाठी ते निर्वात भांड्यात सव्वादोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यातून वाफ काढतात. वाफेबरोबर वास जातो आणि टोकोफेरॉलचाही काही भाग जातो. थंड केल्यावर त्या वाफेतून जो चिकट अर्क मिळतो, तो नैसर्गिक जीवनसत्त्व ई बनवण्याचा कच्चा माल म्हणून विकला जातो. तेलाला पुढचे महिने तगवायचे असेल, तर कारखान्याला टीबीएचक्यू हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत घालण्याची कायदेशीर मुभा आहे. बीतला राखणदार कॅप्सूलमध्ये जातो आणि त्याच्या जागी भाडोत्री उभा राहतो. यात बेकायदा काही नाही. फक्त पिशवीवर यातले किती गेले आणि किती उरले, हे लिहिलेले नसते.

माजलगावच्या मोंढ्यात आज सोयाबीनचा भाव ठरतो तो ओलावा, माती-कचरा आणि डागी दाणे पाहून. हमीभावासाठी ओलाव्याची मर्यादा सहसा 12 टक्के, ती मोजायला यंत्र लगेच पुढे येते, कारण त्यावर पैसे अडतात. दुसरीकडे लाकडी घाण्याची दुकाने पुन्हा उघडली आहेत आणि ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंटयुक्त’ या शब्दांवर लिटरमागे बरेच जास्त पैसे घेतात. त्या शब्दांमागे आकडा कुठेच नसतो. घाण्याचे तेल चांगलेच असेल. पण बी जुने असेल किंवा तेल उन्हात पारदर्शक बाटलीत ठेवलेले असेल, तर राखणदार केव्हाच खर्ची पडलेला असू शकतो.

1955 मध्ये सरकारला तुपाची काळजी होती, म्हणून तिळातला सेसामॉल देशभर तपासला गेला आणि त्याची मोजपट्टी कायद्यात छापली गेली. तेल खाणाऱ्याची तेवढीच काळजी कुणी वाहिली असती, तर टोकोफेरॉलचा आकडाही आज पिशवीवर असता. मोजण्याची रीत 1938 पासून आहे आणि यंत्रे विद्यापीठांत आहेत. घाणेवाल्यांनी एकत्र येऊन आपल्या करडीच्या तेलाचा नमुना दर हंगामात तपासून घेतला आणि तो आकडा गाळप झाल्याच्या तारखेसह बाटलीवर छापला, तर जास्तीचे पैसे कशाचे ते गिऱ्हाइकाला कळेल, आणि करडी लावणाऱ्याला भाव मागायला एक कारणही मिळेल.